हरवलेला पिवळा रंग

मावळतीच्या वेळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचे पाणी सोन्यासारखे पिवळे होते. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांना या तलावाचे मोठे वेड होते. हे पाणी तैलरंगात उतरवू पाहणाऱ्यास नेहमीचा दाट पिवळा रंग उपयोगी पडत नाही. त्याने पाणी पिवळ्या भिंतीसारखे दिसू लागते. तेथे पारदर्शक रंगच हवा. प्रकाश त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या थरावर आपटतो आणि उजळून परत येतो.

असा एक रंग पूर्वी आपल्याच देशात होत असे. उत्तर हिंदुस्थानात त्यास पिउरी म्हणत. युरोपात तो ‘इंडियन यलो’ या नावाने विकला जाई. १८८३ साली त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी बिहारमधील मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी त्याची कृती पाहिली व ती लंडनला कळविली. तेथील गवळी गाईंना आंब्याचा पाला आणि पाणी यांवाचून काही देत नसत. गोमूत्र आटवून गाळीत व उरलेल्या पिवळ्या गाळाचे गोळे वाळवीत. रंग तेजस्वी होई, पण गाई खंगून जात. विसाव्या शतकाच्या आरंभी तो बाजारातून नाहीसा झाला. गाईंच्या दृष्टीने हे बरेच झाले! आज त्या नावाच्या नळीत कृत्रिम रंग असतो, आणि तीही प्रत्येक दुकानात मिळतेच असे नाही.

न मिळणारी वस्तू स्वतः घडविणे कोल्हापूरकरांना नवे नाही. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरासुद्धा येथेच बनविला. रंग तर त्याहून पुष्कळ सोपा.

पुष्कळ जण केवळ छटा जुळवितात. कॅडमियमच्या पिवळ्यात किंचित तांबडा मिसळला की छटा जुळतेही. परंतु कॅडमियम अपारदर्शक असल्यामुळे प्रकाश वरच्यावर अडतो. म्हणून दोन्ही रंग पारदर्शक घ्यावेत. अनेक नळ्यांवर लहान चौकोन छापलेला असतो. तो रिकामा असल्यास रंग पारदर्शक, भरलेला असल्यास अपारदर्शक समजावा. पिवळ्यात तांबडा सुईच्या अग्राएवढाच घालावा. तांबड्याचा जोर मोठा. उलट तांबड्यात पिवळा घालीत बसल्यास नळी रिकामी होते, पण तांबडेपणा जात नाही.

मिश्रण पांढऱ्या कागदावर सुरीने ओढून पाहावे. दाट थर हापूसच्या रसासारखा, तर पातळ थर स्वच्छ सोनेरी दिसला पाहिजे. पातळ थर दुधाळ दिसल्यास कोठेतरी अपारदर्शक रंग शिरला आहे, हे ओळखावे.

चित्रातील पाण्याची जागा आधी पांढुरक्या रंगाने रंगवून पुरती वाळू द्यावी आणि मग जवसाच्या तेलात पातळ केलेला हा पिवळा त्यावर पसरावा. घाई केली तर दोन्ही थर एकमेकांत मिसळतात, आणि सोन्याऐवजी पिठले हाती येते.

काही पारदर्शक रंग उन्हाने विटतात. तेव्हा मिश्रणाची एक पट्टी, व शेजारी पिवळ्याची आणि तांबड्याची वेगळी पट्टी, ओढून वाळवावी. तिन्हींचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून त्या खिडकीत ठेवाव्यात. काही महिन्यांनी कागद काढला म्हणजे कोणता रंग बदलावयाचा ते दिसून येते.