लेकरें गमावलेल्या आईबापांचें सांत्वन
पाठ : ईयोब, अध्याय १, २ व ४२

११ जुलै २००६ रोजीं सायंकाळीं मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अवघ्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतील एक मीरा रोड येथें झाला. चाकरीवरून घरीं परतणारीं १८० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. कित्येक आईबापांचा म्हातारपणाचा आधार त्या सांजवेळीं तुटला. अशांचें सांत्वन कसें करावें, हें ह्या पाठावरून पाहूं.

१. शोकाला मुदत नाहीं. २०१५ सालीं विशेष न्यायालयानें १२ जणांस दोषी ठरविलें. २१ जुलै २०२५ रोजीं उच्च न्यायालयानें त्यांच्या शिक्षा रद्द केल्या. मग आमच्या लेकरांस मारिलें कोणीं, हा प्रश्न १९ वर्षांनीं आईबापांपुढें पुन्हा उभा राहिला. यास्तव "आतां पुष्कळ वर्षें झालीं, विसरा" असें कोणी म्हणूं नये.

२. जवळ बसणें हेंच पहिलें सांत्वन. ईयोबाचीं दहा मुलें वादळानें घर कोसळून एकाच दिवशीं मेलीं. त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याजजवळ भुईवर मुकाट्यानें बसले. तोंवर ते खरे मित्र होते. पुढें ते त्याचें पाप शोधूं लागले, तेव्हां त्यांचेच शब्द त्यास पीडा झाले. आणि शेवटीं देवानें दोष दिला तो त्या मित्रांस.

३. गेलेल्या लेकराची जागा भरत नाहीं. ईयोबाचीं ७,००० मेंढरें होतीं, तीं १४,००० झालीं. मुलें मात्र पुन्हा दहाच झालीं. गुरांची भरपाई होते, लेकरांची होत नाहीं. "दुसरें मूल आहे ना" हें बोलणें म्हणून जखमेवर मीठ होय.

४. आपण काय करावें? आई रडते, बाप कामांत बुडून जातो. म्हणून बापाचें दुःख कमी समजूं नये. मृत लेकराचें नांव घेण्यास भिऊं नये. नांव ऐकून आईबापांस बहुधा बरेंच वाटतें. त्या तिथीस त्यांच्या घरीं जावें. कचेरीचे कागद करण्यास मदत करावी. मागें राहिलेल्या भावंडांकडे लक्ष द्यावें. कोणी दीर्घकाळ अन्नपाणी टाकील किंवा मरणाची भाषा बोलेल, तर त्यास एकटें न सोडतां डॉक्टरांकडे न्यावें.

विचारासाठीं प्रश्न : आपल्या गांवांत असे आईबाप कोण आहेत? त्यांच्या दारीं आपण शेवटचे केव्हां गेलों?