जुना फवारणी पंप घेताना नोझल व सुटे भाग कसे निवडाल?



खरीप हंगाम तोंडावर आला की अनेकजण पाठीवरचा जुना पंप विकत घेतात. त्यात गैर काही नाही. टाकी व दट्ट्या चांगला असेल तर असा पंप अनेक वर्षे काम देतो. मात्र जुन्या पंपाबरोबर जुने नोझल, जुने वायसर आणि आधीच्या औषधाचा अंशही घरी येतो, याकडे दुर्लक्ष होते. गेल्या काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने कपाशीची पाने आमच्याकडे आणून दाखविली. पाने अरुंद होऊन बोटांसारखी लांबट झाली होती. त्यांना तो रोग वाटला. चौकशीअंती समजले की, बाजारातून घेतलेल्या जुन्या पंपातून पूर्वी 2,4-डी हे तणनाशक फवारले गेले होते. कपाशी, टोमॅटो व द्राक्ष ही पिके या तणनाशकास अत्यंत संवेदनशील आहेत.

म्हणून पंप घेताना पहिला प्रश्न विचारावा, "यातून तणनाशक मारले होते का?" उत्तर होकारार्थी असेल किंवा खात्रीचे नसेल, तर तो पंप तणनाशकासाठीच राखून ठेवावा व त्यावर रंगाने तशी खूण करावी.

1. गळती तपासणे : टाकीत साधे पाणी भरावे, कॉक बंद ठेवून पंप हपसावा व प्रत्येक सांधा पाहावा. झाकण, पाइपाचे सांधे, कॉक आणि दट्ट्याजवळ थेंब दिसल्यास तेथील वायसर बदलावा. तेलयुक्त औषधांनी साधे रबर फुगते, मऊ होते. तडा गेलेला पाइप दोरी किंवा चिकटपट्टी बांधून वापरू नये. पाठीवर झिरपणारे औषध कातडीवाटे शरीरात जाते. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही. काही रुपयांच्या वायसरसाठी जीव धोक्यात घालू नये.

2. योग्य नोझल : कीटकनाशक व बुरशीनाशकासाठी पोकळ शंकूचे नोझल वापरावे. त्याचे बारीक थेंब पानांच्या दोन्ही बाजूंस पोचतात. तणनाशकासाठी सपाट पंख्याचे किंवा फ्लड जेट नोझल घ्यावे व दाब कमी ठेवावा. त्यामुळे थेंब मोठे पडतात, वाऱ्याने शेजारच्या पिकावर उडत नाहीत. आंतरराष्ट्रीय रंगसंकेत पाळणाऱ्या नोझलमध्ये पिवळे '02' नोझल 3 बार दाबाला मिनिटास सुमारे 0.8 लिटर, तर निळे '03' सुमारे 1.2 लिटर पाणी सोडते. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्यावा. आटे जुळले नाहीत तर नवे नोझलही गळते.

3. झीज ओळखणे : नोझलची झीज डोळ्यांना दिसत नाही, ती मोजावी लागते. पंप एकसारखा हपसून एक मिनिटाचे पाणी मापात धरावे. त्याच पंपास त्याच प्रकारचे नवे नोझल लावून पुन्हा मोजावे. जुन्यातून 10 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी येत असल्यास ते टाकून द्यावे. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीने झीज लवकर होते. पितळी नोझल लवकर झिजते, स्टेनलेस स्टीलचे त्याहून टिकाऊ, तर सिरॅमिकचे सर्वांत जास्त टिकते.

4. झिजेची किंमत : एक गुंठा (33 × 33 फूट) जागेवर नेहमीच्या चालीने साधे पाणी फवारावे. लागलेल्या पाण्यास 40 ने गुणले की एकरी पाणी मिळते. समजा, 5 लिटर लागले, म्हणजे एकरी 200 लिटर, अर्थात 16 लिटरचे साडेबारा पंप. एकरी 1 लिटर तणनाशक द्यायचे असल्यास पंपाला 80 मिली पडते. आता झिजलेल्या नोझलमुळे गुंठ्यास साडेसहा लिटर लागले, तर एकरी 260 लिटर होतात. पंपाला तेच 80 मिली घातले, तर एकरी 1 लिटर 300 मिली औषध पडेल. पैसा जातोच, शिवाय पिकाला इजा होते ती वेगळी.

5. निगा : नोझल तुंबल्यास तार किंवा टाचणी घालू नये, तोंडाने कधीही फुंकू नये. पाण्यात धरून मऊ ब्रशने साफ करावे. कॉकमधील व टाकीतील गाळणी फाटली असल्यास बदलावी. काम संपल्यावर पंप, पाइप व छडी स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावी. हे पाणी विहीर, ओढा किंवा जनावरांच्या पाणवठ्याजवळ टाकू नये.

थोडक्यात, जुना पंप घेतल्यावर वायसर, गाळणी व नोझल यांचा नवा संच घालूनच त्यात औषध भरावे. पहिली टाकी मात्र साध्या पाण्याचीच असावी. तीच पंपाचे दोष सांगेल.