शीत वाळवंटातील पक्ष्यांचे माहेर

विद्यार्थिमित्रांनो, चक्रवाक पक्ष्याचे नाव तुमच्या परिचयाचे असेल. दिवसा एकत्र राहणाऱ्या आणि रात्री परस्परांस दुरावणाऱ्या या जोडप्याचा विरह संस्कृत कवींनी पुष्कळ वर्णिला आहे. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागर जलाशयावर हा नारिंगी पक्षी दिसतो आणि उन्हाळा लागताच नाहीसा होतो. मग तो जातो कोठे? लेक जशी बाळंतपणासाठी माहेरी जाते, तसा तो अंडी घालण्यासाठी उत्तरेकडील थंड प्रदेशांत जातो. अशा माहेरांपैकी एक म्हणजे लडाखचे चांगथांग पठार.

हा प्रदेश हिमालयाच्या पर्जन्यछायेत येतो. गोमंतकात वर्षाला सुमारे 300 सेंटिमीटर पाऊस पडतो. लेह येथे जेमतेम 10 सेंटिमीटर. तरीही कळसूबाईच्या सुमारे पावणेतीनपट उंचीवर, 4,500 मीटरांहून वर, तेथे त्सो मोरिरी आणि त्सो कर ही सरोवरे आहेत. 'त्सो' म्हणजे सरोवर, 'कर' म्हणजे पांढरे. वितळलेल्या बर्फाचे पाणी त्सो करमध्ये येते. पण त्यास बाहेर वाट नाही. ऊन पाणी नेते, मीठ मागे राहते आणि काठ पांढरा दिसतो. शेजारचे स्तार्त्सापुक त्सो मात्र गोड्या पाण्याचे आहे. त्याच्या काठी दलदल आहे, ओली कुरणे आहेत आणि त्यांवर पोसणारे कीटक आहेत. सभोवार कोरडे डोंगर असल्यामुळे दूरदूरच्या पक्ष्यांचा संसार या अरुंद ओल्या पट्ट्यावरच चालतो. आपल्याकडे एक तळे आटले तर पक्ष्यास दुसरे जवळ सापडते. तेथे तशी सोय नाही.

येथील मानाचा पक्षी म्हणजे काळ्या मानेचा क्रौंच. डॉ. सालिम अली त्याच्या अभ्यासासाठी 1976 साली लडाखात गेले होते. 2021 साली तो लडाखचा राज्यपक्षी ठरला. हा क्रौंच पाण्याने वेढलेल्या उंचवट्यावर घरटे करतो आणि त्यात बहुधा दोनच अंडी घालतो. भोवतालचे पाणी हाच त्याचा खंदक होय. पाणी ओसरले तर कोल्ह्याकुत्र्यांना वाट मिळते. एकाएकी चढले तर घरटे बुडते. उन्हाळा अल्प असल्याने एकदा वाया गेलेली वीण त्या वर्षी पुन्हा साधणे कठीण असते.

या माहेरावर संकटे आली आहेत ती मुख्यतः माणसाच्या वर्दळीमुळे. हौशी प्रवासी मोटारी थेट दलदलीत घालतात, काठावर तंबू ठोकतात आणि छायाचित्रासाठी घरट्यापर्यंत जातात. वस्त्यांच्या उष्ट्याखरकट्यावर वाढलेली मोकाट कुत्री अंडी व पिले फस्त करतात. पश्मिना लोकरीच्या शेळ्यांची संख्या वाढल्याने कुरणांवरही ताण पडतो. परंतु या शेळ्यांवर तेथील चांगपा पशुपालकांची उपजीविका आहे, हे विसरून चालणार नाही. त्यांना दूर सारून पक्षी वाचणार नाहीत; त्यांना विश्वासात घेऊनच वाचतील. त्सो मोरिरीकाठच्या कोरझोकच्या ग्रामस्थांनी 2000 साली आपले सरोवर सजीव सृष्टीसाठी पवित्र भेट म्हणून अर्पण केले, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

पाणथळींच्या रक्षणासाठी 1971 साली इराणातील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या यादीत त्सो मोरिरी 2002 साली आणि त्सो कर 2020 साली समाविष्ट झाले. 2022 साली आपल्या गोमंतकातील कुडचडे येथील नंदा तळेही त्याच यादीत आले. यादीत नाव येणे हा केवळ आरंभ होय. पाण्याची पातळी, काठाची शांतता आणि कचऱ्याची विल्हेवाट या तीन गोष्टी सांभाळल्या, तरच त्या नावास अर्थ राहील.

मित्रांनो, पक्ष्यास पिंजऱ्यात ठेवून त्याचे रक्षण होत नाही. त्याचे घर राखावे लागते. आपल्या गावच्या तळ्यावर जाल तेव्हा पाखरांपासून दूर उभे राहा, आवाज करू नका आणि काठावर काही टाकू नका. जी शिस्त चांगथांगच्या क्रौंचास हवी, तीच येथील पाणकोंबडीसही हवी.