यलोस्टोन उद्यानांतील हिवाळा

प्रवास हें शिक्षणाचें एक उत्तम साधन आहे, हें आपण सर्वजण मान्य करितों. परंतु प्रवासी ज्या स्थळीं जातो, तेथील मूळ रहिवाशांस त्याच्या जाण्यानें काय सोसावें लागतें, याचा विचार फारसा होत नाहीं. ते रहिवासी जर मुके प्राणी असतील आणि ऋतु जर कडक हिवाळ्याचा असेल, तर या विचाराचें महत्त्व अधिकच वाढतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा आपण येथें थोडा अभ्यास करूं.

यलोस्टोन हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान होय. त्याची स्थापना ता. १ मार्च १८७२ रोजीं झाली. त्याचा विस्तार सुमारें ९,००० चौरस किलोमीटर असून बहुतेक भाग वायोमिंग संस्थानांत आहे. भूगर्भांतील ज्वालामुखीच्या उष्णतेमुळें तेथें उष्णोदकाचीं कुंडें, वाफेचीं विवरें व उसळणारीं कारंजीं मिळून दहा हजारांहून अधिक स्थळें आहेत. त्यांतील ‘ओल्ड फेथफुल’, म्हणजे ‘जुना विश्वासू’, हें कारंजें सरासरी सुमारें दीड तासाच्या अंतरानें आकाशांत उसळतें.

उन्हाळ्यांत येथें प्रवाशांची एकच गर्दी लोटते. हिवाळ्यांत मात्र सारें चित्र पालटतें. वर्षाकाठीं सरासरी ३८० सेंटिमीटर हिम पडतें. दिवसाढवळ्यासुद्धां उष्णतामान बहुधा शून्याखालीं ५ ते २० अंश सेल्सियस असतें. ता. ९ फेब्रुवारी १९३३ रोजीं तर पारा शून्याखालीं ५४ अंशांपर्यंत उतरला होता. अशा वेळीं कारंज्यांची वाफ वृक्षांच्या फांद्यांवर गोठून बसते आणि सारें अरण्य पांढऱ्या वस्त्रानें आच्छादल्यासारखें दिसतें.

या दिवसांत उत्तरेकडील एक रस्ता सोडल्यास उद्यानांतील बाकीचे रस्ते साध्या मोटारींस बंद असतात. साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत त्यांवरून हिमावर चालणाऱ्या गाड्या जातात. अनेक उतारूंची जी मोठी गाडी असते तिला स्नोकोच म्हणतात, व एकदोघांच्या लहान गाडीला स्नोमोबाइल. उद्यानांतील नऊ उतारगृहांपैकीं हिवाळ्यांत दोनच उघडीं असतात. उत्तरेकडील मॅमथ हॉट स्प्रिंग्स येथील उतारगृहीं मोटारीनें पोंचतां येतें. परंतु ओल्ड फेथफुलजवळच्या स्नो लॉजला जावयाचें तर हिमगाडीवांचून गत्यंतर नाहीं. तेथें उतरलेले पाहुणे पायांस लांब अरुंद पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून हिमावरून घसरत जातात. किंवा रुंद हिमपादुका घालून, पाय रुतूं न देतां, अरण्यांत सावकाश फिरतात. शरीरास व्यायाम, डोळ्यांस सौंदर्य व मनास शांतता असा तिहेरी लाभ या क्रीडांनीं होतो.

परंतु ज्या हिमावर पाहुणे खेळतात, त्याच हिमाखालीं तेथील प्राण्यांचें अन्न दडलेलें असतें, हें आपण विसरतां कामा नये. बायसन हा प्रचंड प्राणी आपलें डोकें नांगरासारखें दोन्ही बाजूंस हालवून हिम दूर सारतो आणि खालचें वाळलेलें गवत खातो. त्याच्या खांद्यावरील उंचवट्यांत जे बळकट स्नायू असतात, ते या कामीं उपयोगीं पडतात. मात्र एवढ्या श्रमानें मिळणारें अन्न अगदींच निकृष्ट असतें. नवें पीक हातीं येईपर्यंत कणगींतील धान्य पुरवून खाणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणें हे प्राणी अंगांतील चरबीवर वसंतापर्यंत दिवस काढितात. कोणी जवळ आला व प्राणी भिऊन खोल हिमांतून पळाला, तर त्या शिलकेंतील कांहीं भाग व्यर्थ खर्च होतो. पाहुण्याची क्षणभराची मौज प्राण्याला जिवावर बेतूं शकते. म्हणूनच बायसन, एल्क इत्यादि प्राण्यांपासून निदान २३ मीटर, आणि लांडगे व अस्वलें यांपासून निदान ९१ मीटर दूर राहावें, असा तेथें कडक नियम आहे.

नियमांचें मोल तेथील इतिहासावरूनही कळतें. इ. स. १८९४ च्या मार्च महिन्यांत एडगर हॉवेल नांवाचा चोरटा शिकारी पेलिकन खोऱ्यांत बायसन मारीत असतां फेलिक्स बर्जेस या सरकारी टेहळ्यानें स्कीवरून जाऊन त्याला पकडलें. पण त्या वेळच्या कायद्याप्रमाणें अपराध्यास उद्यानाबाहेर घालवून देण्यापलीकडे कांहींच करतां येत नव्हतें! या गोष्टीचा वृत्तपत्रांतून बोभाटा झाला आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. तरीही इ. स. १९०२ च्या सुमारास तेथें जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते. पुढें दीर्घकाल जपणूक झाली, म्हणूनच आज त्यांची संख्या कांहीं हजारांवर गेली आहे.

पुढें दुसरें संकट आलें तें प्रवाशांच्या हौसेतून. इ. स. १९६३ मध्यें उद्यानांत पहिल्या स्नोमोबाइल आल्या, व शतकाच्या अखेरीस त्यांची संख्या इतकी वाढली कीं, पश्चिम द्वारावरील कांहीं रक्षकांस धुरापासून बचाव करण्यासाठीं तोंडावर मुखवटे चढवावे लागले. वर्षानुवर्षें वाद व न्यायालयांतील खटले झाल्यावर इ. स. २०१३ मध्यें नवे नियम ठरले. आतां गाड्यांची संख्या मर्यादित असते, त्यांचा धूर व आवाज यांवर निर्बंध आहेत, आणि मार्गदर्शकावांचून कोणासही स्नोमोबाइल नेतां येत नाहीं. रस्त्यांत बायसनांचा कळप आला तर गाडी थांबवून त्याला वाट द्यावी लागते.

अशा नियमांनीं प्रवासाचा आनंद कमी होतो, असें कोणी म्हणेल. आमचें मत याच्या उलट आहे. धूर व गोंगाट कमी झाल्यामुळेंच पाहुण्यास आतां कारंज्याचा नाद व हिमांतील नीरव शांतता हीं दोन्ही अनुभवतां येतात. दुसऱ्याच्या घरीं गेलेल्या सुजाण अतिथीनें यजमानाच्या घरांतील धान्य किती आहे हें ओळखून वागावें, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. अरण्यांत यजमान बोलत नाहीं. म्हणून तेथें अतिथीनें अधिकच जपून पाऊल टाकिलें पाहिजे. आपणांपैकीं कोणी पुढेंमागें एखाद्या अभयारण्यांत किंवा डोंगरमाथ्यावर सहलीस जाल, तेव्हां हा धडा अवश्य ध्यानांत ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.