बाळाच्या तोंडातील खडा
(धाकटे भावंड बिडी ओढू लागले तर)



घरातील धाकटा भाऊ बिडी ओढू लागला आहे, ही गोष्ट आपणांस बहुधा कुणी येऊन सांगत नाही. शर्ट धुवावयास घेतला की खिशात काडेपेटी सापडते. सायंकाळी तो घरात येतो तेव्हा तोंडाला बडीशेपेचा वास येतो. किंवा मोंढ्यातून परतताना टपरीच्या आडोशाला तो उभा दिसतो, आणि आपणांस पाहताच त्याचा हात पाठीमागे जातो. त्या क्षणी आपल्या काळजात धस्स होते. ज्याला कडेवर घेऊन वाढविले, ज्याच्या शिकण्यासाठी आपण स्वतःचे शिक्षण अर्धे सोडले, त्याच्याच हातात ही वस्तू पाहावी लागावी!

अशा वेळी दोन गोष्टी घडतात. एक तर आपण तिथल्या तिथे त्याच्या कानशिलात लगावतो, नाही तर पाहिले न पाहिलेसे करून गप्प बसतो. दोन्ही ठिकाणी मुळात असते ती मायाच. पण पहिल्या ठिकाणी ती रागाचे रूप घेते आणि दुसऱ्या ठिकाणी भीतीचे. या दोहोंवाचून तिसरा मार्ग आहे काय, याचा विचार आजच्या पाठात करावयाचा आहे.

१. अभय राजकुमाराची गोष्ट

राजगृहात अभय नावाचा राजकुमार होता. भगवान बुद्धांना पेचात पकडावे म्हणून त्याला एक प्रश्न शिकवून पाठविण्यात आले होते. तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे कधी बोलतात काय, असा तो प्रश्न होता. ‘होय’ म्हटले तर मग सामान्य माणसात आणि तुमच्यात फरक काय, असे विचारावयाचे. ‘नाही’ म्हटले तर पूर्वी उच्चारलेले कठोर शब्द दाखवून द्यावयाचे.

त्या वेळी अभयाच्या मांडीवर एक तान्हे बाळ होते. भगवंतांनी उलट त्यालाच विचारले: तुझ्या किंवा दाईच्या दुर्लक्षामुळे या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला, तर तू काय करशील? अभय म्हणाला, मी तो काढीन. सहज निघाला नाही, तर एका हाताने डोके धरून दुसऱ्या हाताचे बोट वाकडे करून काढीन, रक्त आले तरी काढीन. कारण मला या बाळाची करुणा आहे.

भगवंतांनी त्याला समजावले की तथागतांच्या बोलण्याचेही तसेच आहे. जे खोटे आहे किंवा जे हिताचे नाही, ते तथागत बोलत नाहीत. जे खरे आहे आणि हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला प्रिय असो वा अप्रिय, ते योग्य वेळ पाहून बोलतात. कारण प्राणिमात्रांविषयी त्यांना करुणा आहे. ही कथा मज्झिम निकायात आहे.

आपला धाकटा भाऊ म्हणजे तोंडात खडा घातलेले ते बाळच होय. परंतु एक मोठा फरक आहे. तान्ह्या बाळाच्या तोंडातून खडा बळाने काढता येतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडातील बिडी बळाने काढली, तर ती पुढच्या वळणावर पुन्हा पेटते. तेथे खडा त्यालाच काढावा लागतो. आपले काम आहे ते त्याला खडा दिसेल असे करण्याचे, आणि तो काढताना त्याच्या पाठीशी राहण्याचे.

२. दुर्लक्ष कुणाचे?

भगवंतांच्या त्या प्रश्नातील एक बारकावा आपण सहसा विसरतो. बाळाने खडा तोंडात घातला तो ‘तुझ्या किंवा दाईच्या दुर्लक्षामुळे’. पालीत या दुर्लक्षाला ‘पमाद’ म्हटले आहे. पाचव्या शीलात जो ‘पमाद’ आपण म्हणतो, तोच हा शब्द. म्हणजे पहिला प्रश्न बाळाला नव्हे, सांभाळणाऱ्याला आहे.

आपण आपल्याच घराकडे पाहू या. ‘जा रे, टपरीवरून बिडीचे बंडल आण’ असे सांगून त्याला सहाव्या-सातव्या वर्षी दुकानात कुणी पाठविले? चुलीतील निखारा आजोबांना कुणी नेऊन दिला? तंबाखू मळून झाल्यावर तळहात पुढे कुणी केला? २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील दर शंभर प्रौढांमागे सुमारे सत्तावीस जण तंबाखू वापरणारे आढळले. त्यांत बिडी-सिगारेट ओढणारे चारच्या आसपास होते. तोंडात तंबाखू धरणारे चोवीसच्या आसपास. तेव्हा धाकट्याच्या धुरावर संतापणारा थोरला स्वतः गालात तंबाखू धरून बोलत असतो, असे पुष्कळ घरांत घडते. दातांना मिश्री लावणारी आई आणि बहीणही यातच आल्या. मोठ्यांनी आधी स्वतःची पुडी खाली ठेवावी, मग तोंड उघडावे.

दुसरे दुर्लक्ष गावाचे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूचे पदार्थ विकण्यास आणि शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत ते विकण्यास बंदी आहे. बालकास तंबाखू देणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेच्या फाटकासमोरील टपरीबद्दल ग्रामसभेत चार पालकांनी मिळून विचारणे, हेही शीलपालनच होय.

तिसरे कारण कामाच्या ठिकाणचे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद काढणीच्या आणि शिजवण्याच्या हंगामात आपली मुले दिवस-रात्र राबतात. बिडी ओढणाऱ्यास दोन मिनिटे बसता येते. न ओढणारा नुसता बसला तर तो कामचुकार ठरतो. निकोटीनने भूकही काही काळ मरते. मुलगा बिगडला म्हणून बिडीकडे वळला असे नेहमीच नसते. कधी तो नुसता विसावा शोधीत असतो. हे समजून न घेता केलेला उपदेश त्याच्या कानाशी पोहोचत नाही.

३. बिडी पाचव्या शीलात येते काय?

हा प्रश्न धाकटा भाऊच आपणांस विचारील. ‘बिडीने कुठे नशा चढते? शीलात तर दारूचे नाव आहे.’ त्याला खोटे उत्तर देऊ नये. तंबाखू ही अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांच्या मार्फत ती भारतात आली, म्हणजे भगवान बुद्धांनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी. तेव्हा तिचे नाव शीलात असणार कसे? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारूचाच उल्लेख आहे. बिडी ओढणारा दारुड्यासारखा भान हरपत नाही, हेही खरे.

परंतु शील हे कायद्याचे कलम नव्हे की त्यात शब्द नाही म्हणून सुटका झाली. सिगालोवाद सुत्तात व्यसनाचे तोटे सांगितले आहेत, त्यांत धनाचा नाश आणि रोगांचे घर हे दोन आहेतच. तंबाखू हे दोन्ही करते. शिवाय ती मन बांधते. बिडी मिळेपर्यंत ज्याचे चित्त अभ्यासात लागत नाही, त्याचे चित्त त्याच्या मालकीचे राहिले काय? शिकून, संघटित होऊन स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून आपण धम्मदीक्षा घेतली. एका पानाच्या वळकटीची गुलामी पुन्हा कशाला?

मात्र एक लक्षात ठेवावे. शील आपण स्वतः ग्रहण करतो; कुणी कुणाच्या वतीने ते घेत नाही. ‘बौद्ध म्हणवतोस आणि बिडी ओढतोस?’ हे वाक्य त्याला विहारापासून तोडील, बिडीपासून नव्हे.

४. खडा नीट दाखवावा

भीती घालण्यासाठी फुगवून सांगू नये; खरे तेच पुरेसे आहे. धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतील सुमारे सत्तर कर्करोगास कारण होतात. बिडी साधी, गावठी, म्हणून कमी घातक, हा गैरसमज होय. ती विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते.

तरुण मुलाला तीस वर्षांनंतरच्या रोगाची भीती वाटत नाही. त्याला आजचे सांगावे. आपल्याकडील पुष्कळ मुले पहाटे पोलीस भरतीसाठी धावतात. मुलांना १६०० मीटर धावावे लागते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पट घट्ट चिकटतो. म्हणजे छाती फुगली तरी पायांना प्राणवायू कमी पोहोचतो. उलट, बिडी सोडल्यावर साधारण बारा तासांत रक्तातील हा वायू पूर्वपदावर येतो. दोन आठवडे ते तीन महिन्यांत फुप्फुसांचे काम सुधारू लागते. मैदानावरच त्याला याचा पडताळा येईल. पैशाचेही तसेच. दिवसाला वीस रुपये धरले तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. हा हिशेब त्यालाच मांडू द्यावा.

आणि वेळीच कुणी बोलले नाही तर काय होते, हेही आपल्या राज्याने पाहिले आहे. माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांना तंबाखूची सवय होती. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५७. शरद पवार त्याच रोगातून वाचले. चाळीस वर्षांपूर्वी आपल्याला कुणी सावध केले असते तर बरे झाले असते, अशी खंत त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखविली. एवढ्या मोठ्या माणसांच्या भोवती माणसांची काय वाण होती? पण वेळेवर सांगणारे कुणी भेटले नाही. आपल्या भावाला तरी ही खंत करावी लागू नये.

५. कसे बोलावे?

अभय राजकुमाराच्या गोष्टीतून तीन कसोट्या मिळतात: खरे, हिताचे, आणि योग्य वेळी.

खरे: ‘तू बिडी ओढतोस का?’ असे दरडावून विचारू नये. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येणार, आणि बिडीबरोबर खोटे बोलण्याचीही सवय लागणार. भगवंतांनी कोवळ्या वयाच्या राहुलाला पहिला पाठ दिला तो खोटे न बोलण्याचाच. आपण प्रश्नाच्या सापळ्याने धाकट्याचे चौथे शील मोडू नये. जे पाहिले ते सांगावे: ‘काल तुला टपरीपाशी पाहिलं. मी आईला सांगितलं नाही. मला काळजी वाटली, म्हणून बोलतोय.’

हिताचे: बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे, मला त्याचे भले करावयाचे आहे, की माझा राग मोकळा करावयाचा आहे? आरसा पाहण्यासाठी असतो, तसे कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतर विचार करून पाहावे, हेही राहुलालाच सांगितले होते. ते थोरल्यालाही लागू आहे.

योग्य वेळी: पाहुण्यांसमोर नाही, विहारात चारचौघांत नाही, वडील दमून आले असताना नाही. रानात दोघेच असताना, पाणी देताना, किंवा रात्री अंगणात. एकदा बोलावे आणि नंतर त्याचे ऐकून घ्यावे. तो गप्प राहिला तरी चालेल. त्या रात्री ताटावर त्याच्याशी नेहमीसारखेच बोलावे.

६. सोडताना सोबत

निकोटीनची सवय नुसत्या निश्चयाने सुटतेच असे नाही. सोडल्यावर पहिले काही दिवस कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, मन लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरत जाते. तलफ आली तरी ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्यावे, चालावे, श्वासाकडे लक्ष द्यावे. आनापान शिकलेल्या घरात हे साधन आहेच. या दिवसांत तो चिडला तर घरच्यांनी मनावर घेऊ नये.

सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच आहे. तंबाखूच्या पाकिटावरही हा क्रमांक छापलेला असतो. जिल्हा रुग्णालयातही समुपदेशनाची चौकशी करावी; गरज भासल्यास डॉक्टर औषध देतात.

मध्येच एखादी बिडी ओढली गेली, तर ‘मला माहीतच होते’ असे म्हणू नये. शील ढळले तर आपण पुन्हा ग्रहण करतो. तसेच हेही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत साऱ्या घराने मिळून तंबाखू सोडण्याचा संकल्प करावा: आजोबांनी चंची, आईने मिश्री, धाकट्याने बिडी. मग तो घरातील एकटा आरोपी राहणार नाही.

सिगालोवाद सुत्तात खऱ्या मित्राचे एक लक्षण सांगितले आहे. आपण बेसावध असताना जो आपले रक्षण करतो, तो मित्र. थोरल्या भावंडाचे नाते जन्माने मिळते. हे मित्रत्व मात्र मिळवावे लागते.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या घरातील लहान मुलांनी तंबाखू प्रथम कुणाच्या हातात पाहिली?
२. धाकट्या भावंडाशी मी शेवटचे निवांत कधी बोललो? ते बोलणे कशाविषयी होते?
३. माझ्या तोंडात कोणता खडा आहे, आणि तो मला कुणी दाखविला तर मी ऐकून घेईन काय?