बंद पात्रातील ऊन पाणी

तंजावर हे नाव मराठी वाचकांस परके नाही. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याची हकीकत सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकीर्दीत, १८०३ मध्ये, कोरला गेला. आणि त्या नगरातील काही घरांतून मराठी आजही बोलली जाते. कावेरीकाठच्या या प्रदेशात वर्षाचा बहुतेक काळ उष्ण्याचाच. तरीही मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पहाटे स्नान करण्याचा परिपाठ असल्याने 'वेन्नीर', अर्थात ऊन पाणी, घरोघरी लागते. पूर्वी ते चुलीवरील तांब्याच्या भांड्यात तापे. आता न्हाणीघराच्या भिंतीवर विजेचा गीझर असतो आणि त्यास गच्चीवरील टाकीतून पाणी येते.

या दोन साधनांत एक महत्त्वाचा भेद आहे. चुलीवरचे भांडे किंवा आपल्याकडील बंब वरून उघडा असतो. बंबाच्या मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी आणि वर पाणी ओतण्याचे तोंड अशी त्याची रचना असते. पाणी तापून फुगले तर ते तोंडाशी वर चढते, क्वचित सांडते. दाब साठण्यास तेथे वावच नाही. गीझरचे पात्र मात्र सर्व बाजूंनी बंद व काठोकाठ भरलेले असते.

तापल्याने पाणी किती फुगते? २५ अंश सेल्सिअसचे पाणी ६५ अंशांपर्यंत तापविले असता त्याचे आकारमान शेकडा सुमारे १.७ ने वाढते. म्हणजे २५ लिटरांच्या गीझरमध्ये ४०० घनसेंटिमीटरांहून थोडे अधिक, दोन पेले भरतील इतके, पाणी जास्तीचे होते. लोखंडी पात्रही तापून किंचित प्रसरण पावते. परंतु ती वाढ पाण्याच्या वाढीच्या दशांशाहूनही कमी असल्याने तिच्यावर विसंबता येत नाही.

शाळेतील प्रयोगशाळेत हे सहज दाखविता येईल. २५० घनसेंटिमीटरांचा चंबू रंगीत पाण्याने पूर्ण भरावा, बुचातून एक बारीक, वर उघडी काचनळी बसवावी आणि चंबू ऊन पाण्यात धरावा. प्रथम नळीतील पाणी क्षणभर खाली उतरते, कारण आधी काच तापते व चंबूच मोठा होतो. मग पाणी चढू लागते. नळीच्या पोकळीचा छेद ०.२ चौरस सेंटिमीटर असेल, तर वरील तापमानवाढीस ते सुमारे २० सेंटिमीटर चढेल. नळीचे तोंड बोटाने अथवा बुचाने बंद करून हा प्रयोग कोणीही करू नये.

तसे का करू नये, हे पाण्याच्या दुसऱ्या गुणावरून कळते. हवा सहज दाबली जाते. पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही. त्याचे आकारमान शेकडा एकने घटविण्यास दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २२० किलोग्रॅम इतका दाब लागतो. यावरून असे निघते की, पूर्ण भरलेल्या व मुळीच न ताणणाऱ्या पात्रात ६० अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने वाढले, तर दाब दहा किलोग्रॅमांहून अधिक चढेल. प्रत्यक्षात पात्र थोडे ताणते, कोठे हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, म्हणून वाढ इतकी तीव्र नसते. पण घरगुती पात्रे बहुधा आठ किलोग्रॅमांच्या दाबासाठी बनविलेली असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ते दोन पेले पाणी क्षुल्लक वाटणार नाही.

गच्चीवरील टाकी गीझरच्या वर तीन मीटर असेल, तर तिचा दाब केवळ ०.३ किलोग्रॅम. अशा घरात थंड पाण्याची नळी दोन्ही दिशांनी मोकळी असली, की फुगलेले पाणी निमूटपणे टाकीकडे मागे सरते. परंतु ऊन पाणी मागे जाऊ नये म्हणून त्या नळीवर एकमार्गी झडप बसविली, किंवा पाण्यास जोर यावा म्हणून पंप जोडला, तर ही वाट बंद होते. मग दुसरी वाट द्यावीच लागते.

पहिली म्हणजे पात्रापासून टाकीच्या पाण्याच्या पातळीहून उंच नेलेली, वर उघडी नळी. तिची युक्ती बंबाचीच आहे. मात्र पंपाच्या जोरापुढे ती चालत नाही, तिच्यातून पाणी वाहतच राहील. तेथे प्रसरणपात्र लावतात. या लहान डब्यात रबरी पडद्याच्या एका बाजूस हवा व दुसऱ्या बाजूस पाणी असते. हवेचा निरपेक्ष दाब आरंभी तीन किलोग्रॅम असून तो सहापर्यंत चढू द्यावयाचा असेल, तर बॉइलच्या नियमानुसार हवेचे आकारमान निम्मे होईल. अर्थात एक लिटरचे प्रसरणपात्र अर्धा लिटर पाणी सामावून घेते, आणि आपली गरज त्याहून कमी आहे.

तिसरी वाट सुरक्षा-झडपेची. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की ही झडप स्प्रिंगच्या विरुद्ध उघडते व थोडे पाणी बाहेर सोडते. गीझर तापत असताना तिच्यातून पडणारे थेंब म्हणजे बिघाड नव्हे, ते ते फुगलेले पाणीच होय. पाणी गार असतानाही गळती चालू राहिली तर मात्र झडप तपासावी. थेंबांचा त्रास नको म्हणून झडपेच्या नळीस बूच मारणारे लोक आढळतात. याइतकी घातक दुरुस्ती दुसरी नसेल.

कारण अशा वेळी तापनियंत्रक अडकला तर वीज चालूच राहते. वातावरणाच्या तिप्पट निरपेक्ष दाबाखाली पाणी १०० नव्हे, सुमारे १३३ अंशांवर उकळते. पात्र फुटताच दाब नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा सुमारे सहा शतांश भाग तत्क्षणी वाफ बनतो. एका लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा व्यापते. म्हणजे २५ लिटरांच्या पात्रातून लहानशा न्हाणीघरात दोन हजारांहून अधिक लिटर वाफ एकाएकी पसरेल.

कूपनलिकेचे पाणी जड असल्यास झडपेत क्षार साचून ती जागीच घट्ट बसते. म्हणून जिला तरफ असेल ती झडप दर काही महिन्यांनी, वीज बंद करून व पाणी निवल्यावर, तरफ उचलून पाहावी: पाणी मोकळेपणी आले पाहिजे आणि तरफ सोडताच थांबले पाहिजे. तसे न झाल्यास झडप बदलावी. तिची नळी उताराने खाली, मोरीपर्यंत नेलेली व शेवटी उघडी असावी.