डिस्चार्जनंतरचा फोन

अगं, सायकियाट्रीकडे वळलीस की नर्सिंगमधलं करिअर संपलं, असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात ना? त्यांना विचार, मेडिसिन वॉर्डात नाइटला तुम्ही वेगळं काय करता?

जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेले पेशंट तूही पाहिलेस. केसपेपरवर एमएलसी म्हणजे पोलीस केसचा शेरा, जबाब घ्यायला पोलीस, कॉटभोवती कुजबुजणारे नातेवाईक. आपल्यातलीच एखादी 'नाटकं सगळी' म्हणून पुढे जाते. सलाईन, इंजेक्शनं, चार्ट सगळं चोख होतं आणि तब्येत सावरली की डिस्चार्ज. जगणं का नकोसं झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. डॉक्टर राऊंडपुरते येतात. पहाटे तीनला पेशंट टक्क जागा असतो, तेव्हा तिथे तू असतेस.

सायकियाट्रीच्या प्रशिक्षणात आधी हेच शिकवतात की सरळ विचारायचं. "मनात काही वेडंवाकडं नाही ना?" असं विचारलंस तर उत्तर 'नाही' हेच येणार. "जीव द्यावासा वाटतो का?" इतकं स्पष्ट विचार. विचारल्याने नसलेलं खूळ डोक्यात शिरतं ही भीती खोटी आहे. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. मग ऐकायचं. 'लेकरांकडे बघ जरा' हे आपल्या तोंडून पटकन निघतं, ते गिळायचं. गुपित ठेवायचं वचन देऊ नको. घरी गेल्यावर कीटकनाशक आणि गोळ्या कुणाच्या कुलपात राहतील, हे नातेवाइकांशी बोलून ठरव. घरचे पोलीस केसला घाबरून खरं लपवतात. त्यांना सांग, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरून चालतात. त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे.

आता मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ऐक. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला. तो २००८मध्ये छापून आला. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाशी डिस्चार्जच्या सुमारास तासभर बोलणं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या गटात १८ जण आत्महत्येने गेले, दुसऱ्यात २. ना नवं औषध, ना महागडं मशीन! हे काम नर्सला सहज जमणारं आहे गं, आणि आपण कार्डावर 'फॉलोअप' लिहून मोकळे होतो.

आत्महत्या रोखण्याचं क्यूपीआरसारखं काही तासांचं प्रशिक्षण शिक्षकांनाही घेता येतं. तू मात्र तेवढ्यावर थांबू नको. मानसिक आरोग्य परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा कर. बंगळुरूच्या निमहान्समध्ये जमलं तर उत्तमच.

एक बजावून ठेवते. कळवळ्याने पेशंटला स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही. टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ द्यायचा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. इतकं करूनही एखादा जातोच. त्या दिवशी हॅण्डओव्हर देऊन गपचूप घरी जाऊ नको, कुणातरी सीनियरशी बोल. तोच नंबर आपल्यासाठीही आहे.

आणि डिप्लोमासाठी राजीनाम्याची घाई नको. पगारी प्रतिनियुक्तीवर जाता येतं का, हे आधी मेट्रनबाईंना विचार.